सोसायटीत गाणं, कथक आणि मराठीचे वर्ग सुरू करायचेत, शिक्षक कसे निवडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याला घोडबंदर रोडवर मोठं कॉम्प्लेक्स, क्लबहाऊसचा हॉल शनिवार-रविवार रिकामा पडलेला असतो, तिथे मुलांसाठी गाणं आणि कथक सुरू करायचंय, सोबत मराठी, आणि मराठी मोठ्यांसाठीसुद्धा कारण निम्मी घरं अमराठी आहेत. तर शिक्षक किती शिकलेले हवेत, मानधन कसं ठरवायचं, परीक्षा ठेवायच्या का, आणि मागच्या वेळी सुरू केलेला क्लास तीन महिन्यांत बंद पडला तसं परत होऊ नये म्हणून काय करायचं.

मी डोंबिवलीत गाणं शिकवते, २४ वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची १३ वर्षं एका मंडळाच्या वर्गांची जुळवाजुळव पण माझ्याकडेच आहे म्हणजे शिक्षक शोधण्यापासून सतरंज्या मोजण्यापर्यंत सगळं. तिथे गाणं, कथक, तबला आणि मराठी असे वर्ग चालतात. म्हणून जरा लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी, डिग्री शेवटी बघा. बघायची नाही असं म्हणत नाहीये मी, गाण्या-नाचाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि सगळ्यात वर अलंकार अशा चढत जातात, त्यामुळे विशारद झालेला माणूस किमान सहा-सात वर्षं एका गोष्टीला चिकटून राहिलाय हे त्यातून कळतं आणि ते छोटं नाही. पण तुमच्या हॉलमध्ये येणारं मूल सात वर्षांचं आहे, त्याने आयुष्यात कधी तानपुरा ऐकलेला नाही, पाय दुमडून दहा मिनिटं बसायची त्याला सवय नाही. त्याला पहिले सहा महिने काय द्यायचं हे ज्याला कळतं तोच तुमचा शिक्षक. स्टेजवर तासभर यमन राग रंगवणारी माणसं या पहिल्या सहा महिन्यांत अगदी गोंधळून जाताना मी पाहिलीत आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो, ते वेगळंच काम आहे.

म्हणून मुलाखत घेऊ नका, डेमो घ्या. खऱ्या मुलांवर, चाळीस मिनिटं, तुमच्याच कॉम्प्लेक्समधली दहाएक मुलं बसवा, त्यात दोन-तीन भरपूर दंगा करणारी हवीत. आणि डेमोचे पैसे द्या, फुकट डेमो मागणं मला पटत नाही, माणूस ट्रेनने येतो, तयारी करून येतो.

आमच्याकडे कथकसाठी असेच दोन डेमो झाले होते. पहिल्या बाई फार तयारीच्या, अलंकार झालेल्या, त्यांनी सरळ उभं करून तत्कार, म्हणजे पायाने बोल वाजवणं, सुरू केला. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, उजवा डावा उजवा डावा, मग डावा उजवा डावा उजवा. आता हे जे दुसऱ्या अर्ध्यात डाव्यापासून सुरू होतं ना तिथेच सगळी मुलं अडकतात, सगळ्यांचे पाय एकमेकांत, आणि बाई ठाय म्हणजे संथ लयीतून दुगुणीत म्हणजे दुप्पट वेगात जायची घाई करत होत्या. पंधराव्या मिनिटाला चार मुलं पाणी प्यायला गेली ती आलीच नाहीत.

दुसरी मुलगी वयाने लहान, तेव्हा नुकती मध्यमा पूर्ण झालेली. तिने सगळ्यांना खाली गोल बसवलं आणि टाळीवर चार मोजायला लावलं. मग म्हणाली आता प्रत्येकाने आपलं नाव या चारात बसवायचं. अनघा म्हणाली अ, न, घा-आ, बसलं. कबीर म्हणाला क, बी-ई, र, बसलं. आर्यन बसलं. मग वेद म्हणून एक मुलगा होता तो म्हणाला वे-ए, द, आणि थांबला, म्हणाला एक उरला. ती म्हणाली उरला तर उरू दे, तो पण मोजायचा, गप्प राहून मोजायचा. सगळ्यांनी मग वेद म्हणून एक मात्रा गप्प राहायचा खेळ केला. चाळीस मिनिटं संपली तेव्हा एकही पाय जमिनीवर आपटलेला नव्हता पण दहाही मुलांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते अंगात उतरलं होतं, मी तिथे बसून बघत होते, मला तेव्हा भरून आलं होतं खरंच. तिला घेतली. आज ११ वर्षं झाली, अजून आहे, अलंकार आमच्याकडे शिकवत असतानाच झाली.

त्या डेमोला आमच्या मराठीच्या बाई सहज येऊन बसल्या होत्या आणि त्या बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, अहो हे तर लघु-गुरू शिकवलं तिने. अ एक, न एक, घा दोन. शाळेत दहावीपर्यंत वृत्त म्हटलं की मुलं घाबरतात आणि इथे सात वर्षांच्या पोरांनी मात्रा मोजल्या. त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला आणि तो मी तुम्हालाही आवर्जून सांगीन. प्रत्येक शिक्षकाने महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या वर्गात मागे बसायचं. गाण्याच्या शिक्षकाने कथकमध्ये, कथकच्या शिक्षकाने मराठीत. तीन वेगवेगळे क्लास एका हॉलमध्ये पाळीपाळीने भरवणं हे कुणीही करू शकतं, ट्यूशनवाले करतातच. तुमच्याकडे तिन्ही विषय एका छताखाली आहेत याचा फायदा मुलाला झाला पाहिजे.

वहीचंच बघा. इंग्रजी मीडियमची मुलं ता थेई, तिरकिट असे बोल इंग्रजी अक्षरांत लिहून घेतात, पालक तर फोनमध्येच टाइप करतात, आणि मग त आणि ट एकच होतो, द आणि ड एकच होतो, आणि मूल तिरकिट म्हणताना टिरकिट म्हणतं. पढंत म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे, कथकमध्ये ती पायाइतकीच महत्त्वाची आहे, ती अशुद्ध झाली तर पायसुद्धा गुळगुळीत पडतो. आमच्या कथकच्या ताईने वही देवनागरीतच हवी असं ठरवलं. सुरुवातीला पालक कुरकुरले. पण मराठीच्या बाईंना जोडाक्षरं आणि पाय मोडलेलं अक्षर शिकवायला जे तीन महिने लागायचे ते आता तत् आणि कत् लिहितानाच होऊन जातं, त् चा पाय का मोडला तर म्हणताना तिथे झटकन थांबायचं म्हणून, हे मुलाला नाचताना कळलेलं असतं. गाण्याची वही पण तशीच, भातखंडे पद्धतीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला म्हणजे वरच्याला वर टिंब, हे सगळं देवनागरी अक्षरावरच नीट बसतं.

आता गाण्याच्या शिक्षकाबद्दल, हा माझा विषय आहे त्यामुळे इथे थोडी जास्त थांबणार आहे.

डेमोत एक गोष्ट बघा, शिक्षक मुलांना कुठल्या पट्टीत गायला लावतो, म्हणजे सा किती वर किंवा खाली धरतो. बहुतेक बायका काळी चार किंवा काळी पाचला, म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, शिकवतात कारण त्यांचा स्वतःचा आवाज तिथे असतो, लहान मुलांनाही ते साधारण जमतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते मुलगे बारा-तेराचे झाले की. माझ्याकडून यात फार मोठी चूक झालेली आहे. एक मुलगा होता, सहाव्या वर्षापासून माझ्याकडे, गळा सुंदर, भूप रागाचे अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे, न सांगता बसवायचा. तेराव्या वर्षी त्याचा आवाज फुटायला लागला. मी सगळ्या वर्गाला काळी पाचला गायला लावत होते, तो खाली घसरत होता, आणि मी एक दिवस सगळ्यांसमोर म्हटलं की अरे लक्ष कुठे आहे, सूर लाव. दिवाळीनंतर तो आलाच नाही. मला वाटलं आठवी आहे, अभ्यास असेल. दोन महिन्यांनी रस्त्यात भेटला, विचारलं का येत नाहीस, तर खाली बघत म्हणाला, ताई, तिथे माझा आवाजच पोचत नाही. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्याला परत आणलं, काळी एकला तानपुरा लावला, मंद्र पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत एवढंच आठ-नऊ महिने गायला दिलं, जोर अजिबात लावायचा नाही, वर जायचं नाही. आवाज स्थिरावला त्याचा. पण त्याच्या आधी असे तीन मुलगे माझ्याकडून गेले होते आणि ते का गेले हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं, त्यांना मी परत आणू शकले नाही.

तेव्हा गाण्याच्या बॅचेस नुसत्या वयावर पाडू नका, पट्टीवर पाडा, आणि शिक्षकाला सरळ विचारा की तेरा वर्षांच्या मुलग्याचं काय करता. ज्याने यावर कधी विचारच केलेला नाही त्याला अजून थोडं शिकायचंय असं समजा.

दुसरी गोष्ट पेटी. सगळे वर्ग पेटीवर चालतात कारण सोयीचं पडतं, पण पहिल्या वर्षी मूल पेटीच्या मागे मागे गायला लागलं की त्याला स्वतःचा सूर शोधायची सवयच लागत नाही, पेटीची पट्टी दाबली की सूर तयार. आणि पेटीवर मींड येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं कसं ते तिथे दिसतच नाही. तानपुरा लावा, ॲपवरचा चालेल, चांगला स्पीकर मात्र हवा, मोबाइलच्या स्पीकरवर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार ऐकूच येत नाही आणि मग तानपुरा लावून उपयोग काय. डेमोत शिक्षक स्वतः सा लावून दाखवतो, मग गप्प बसून एकेका मुलाचा सा ऐकतो का ते बघा. जो चाळीस मिनिटं सगळ्यांना कोरसमध्येच गाऊन घेतो त्याला कोण बेसूर आहे हे वर्षभर कळत नाही.

काही पालक तुम्हाला म्हणतील की असं घोळक्यात शिकून गाणं येतं का, ते गुरूपाशी बसूनच यायला हवं. हा वाद फार जुना आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेच मुळी गाणं गुरूच्या घरातून बाहेर यावं, साध्या घरातल्या मुलामुलींना वर्गात बसून शिकता यावं म्हणून, आणि आज गावोगावी जे आपण प्रवेशिका-मध्यमा म्हणतो ते सगळं त्याच वाटेने आलंय. पुण्यात कथकच्या रोहिणीताई भाटेंनी १९४७ साली नृत्यभारती ही संस्था सुरू केली तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने कथक शिकणं सोपं नव्हतं. तेव्हा सोसायटीच्या हॉलमधला वर्ग म्हणजे काहीतरी दुय्यम असं शिक्षकालाही वाटू देऊ नका आणि पालकांनाही. पुढे ज्याला खोलात जायचंय तो जाईल एखाद्या गुरूकडे, त्याला तिथे पाठवणं हेसुद्धा तुमच्या शिक्षकाचंच काम, आणि जो शिक्षक चांगला विद्यार्थी स्वतःकडेच धरून ठेवतो त्याच्याबद्दल मला फार प्रेम नाही.

मराठीच्या वर्गाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत पण खरं तर सगळ्यात अवघड शिक्षक तोच मिळतो. कारण सगळ्यांना वाटतं मराठी काय, कुणीही निवृत्त बाई शिकवतील. शाळेत मराठी शिकवलेल्या बाई उत्तम असतात पण त्यांना सवय असते मराठी घरातल्या मुलांना मराठी शिकवायची, ज्याच्या कानावर भाषा पडलेलीच नाही त्याला शिकवणं पूर्ण वेगळं.

मोठ्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाराखडी काढली तर समजा संपलं. हिंदी बोलणाऱ्याला देवनागरी येतेच, तो कंटाळतो. त्याला अडतं कुठे तर ळ म्हणताना, वेल आणि वेळ, काल आणि काळ त्याला एकच ऐकू येतात, आणि तिसऱ्या लिंगात, कारण हिंदीत दोनच आहेत. तमिळ किंवा तेलुगू घरातल्या माणसाला ळ सहज जमतो, त्यांच्या भाषेतच आहे, पण लिपी नवीन. गुजराती माणसाकडे ळ पण आहे आणि तीन लिंगं पण आहेत, तो महिन्याभरात बोलायला लागतो. बंगाल्याला लिंग हा प्रकारच नवा. एकाच बॅचमध्ये हे सगळे बसवले तर निम्म्यांचा वेळ फुकट जातो. दोन तरी बॅचेस करा, लिपी येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची.

आमच्या बाई काय करतात ते सांगते. टेबलावर स्वयंपाकघरातल्या आठ वस्तू मांडतात, चमचा, वाटी, ताट, पेला, सुरी, झारा, भांडं, पिशवी. मग प्रत्येकाने एक उचलायची आणि म्हणायचं माझा चमचा, माझी वाटी, माझं ताट. नियम एकही सांगत नाहीत. दोन-तीन फेऱ्या झाल्या की माणसं स्वतःच गट पाडायला लागतात. आणि यातच त्या उच्चार पण पकडतात, कारण माझा मधला झ वेगळा आणि माझी मधला झ वेगळा, लिहायला एकच अक्षर. चमच्यातला च आणि चार मधला च तसाच. आपल्याला हे कुणी शिकवलेलं नसतं त्यामुळे दोन च आहेत हेच आपल्या लक्षात नसतं, आणि बाहेरचा माणूस चार वर्षं मराठी बोलूनही का खटकतो ते आपल्याला सांगता येत नाही. ज्या शिक्षकाला हे सांगता येतं त्याला सोडू नका.

आणि आम्ही-आपण. हिंदीत दोन्हीला हम. मूळच्या लखनौच्या एक काकू आमच्या वर्गात होत्या, फार उत्साही, गणपतीच्या मीटिंगमध्ये शेजारणींना म्हणाल्या, आम्ही सगळे मिळून नैवेद्य करू. शेजारणी गप्प. त्यांना वाटलं ह्या म्हणतायत आमचं आम्ही करतो तुम्ही येऊ नका. पुढच्या रविवारी काकूंनी वर्गात रडवेल्या होऊन विचारलं की मी काय चुकीचं बोलले, तेव्हा बाईंनी तो अख्खा तास फक्त आम्ही आणि आपण यावर घेतला. आपण म्हटलं की समोरचा आत येतो, आम्ही म्हटलं की तो बाहेर राहतो. वर्गातले तमिळ काका लगेच म्हणाले, अहो हे तर आमच्याकडे आहे, नाम आणि नांगळ. मग त्यांनीच काकूंना उदाहरणं दिली. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये मराठी वर्ग का हवा याचं मला यापेक्षा चांगलं कारण देता येणार नाही.

मुलांच्या मराठीचं वेगळं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यापासून सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे वह्या, शब्दार्थ, रिकाम्या जागा भरा हे त्यांना शाळेत भरपूर मिळतं. तुमच्या वर्गात तेच परत दिलंत तर एकही मूल दुसऱ्या रविवारी येणार नाही. मोठ्याने वाचणं, गोष्ट सांगणं, आणि नवरात्रात भोंडला. भोंडल्यासारखी सोय नाही हो, मधे हत्ती काढायचा, गोल फेर धरायचा, गाणं म्हणायचं, आणि शेवटी खिरापत ओळखायची. गाणं, पाय आणि भाषा तिन्ही एकदम. आम्ही दरवर्षी तिन्ही वर्ग एकत्र करून हे करतो, मुलगेही फेर धरतात, आणि खिरापत ओळखताना मुलांना प्रश्न मराठीतच विचारायचे असतात, गोड का तिखट, कोरडी का ओली, तळलेली का भाजलेली. तेवढ्या दहा मिनिटांत मुलं जेवढी विशेषणं वापरतात तेवढी महिन्यात वापरत नाहीत.

मानधन. टक्केवारीवर ठेवू नका. साठ-चाळीस सत्तर-तीस असं सगळीकडे चालतं पण त्याचा परिणाम असा होतो की शिक्षक बॅचमध्ये पंचवीस मुलं भरतो, कारण त्याचं घर त्यावर चालतं, आणि पंचवीस मुलांचा सा कुणालाच ऐकता येत नाही. गाण्याला दहा-बारा, कथकला हॉल मोठा असेल तर बारा-चौदा, मराठीला मोठ्यांच्या बॅचला बारा, याच्यावर जाऊ नका आणि मानधन महिन्याचं ठरलेलं द्या, मुलं सहा असली तरी तेवढंच. किती, तर शिक्षकाला विचारा की हेच तीन तास तुम्ही घरी शिकवलंत तर काय मिळतं, त्याच्याखाली जाऊ नका, आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा. फी कमिटीने गोळा करायची. कलाकाराला पालकांकडे पैसे मागायला लावणं यासारखं अवघडलेपण नाही, मी पहिली नऊ वर्षं ते केलंय, तिसऱ्यांदा आठवण करून दिली की त्या मुलाकडे बघायची माझी नजरच बदलायची आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. पाच तारखेच्या आत पैसे हातात पडले पाहिजेत. शिक्षकाचा स्वतःचा कार्यक्रम असेल तर सुट्टी द्या, वर्षाला चार-पाच सुट्ट्या पगारी धरा, जो स्वतः गात-नाचत राहतो तोच ताजं शिकवतो. आणि तबलजींना विसरू नका, कथकला लेहरा, म्हणजे ताल धरून फिरत राहणारी धून, ॲपवर चालतो पहिल्या वर्षी पण महिन्यातून एकदा तरी खरा तबला हवाच, आणि त्यांना नुसता चहा पाजून पाठवू नका.

परीक्षा पहिल्या वर्षी नको. अगदी ठाम सांगते. पालक विचारणार, कारण मान्यताप्राप्त संस्थांच्या शास्त्रीय संगीत-नृत्याच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात हे सगळ्यांना माहिती झालंय. त्यात गैर काही नाही, पण प्रारंभिकच्या अभ्यासक्रमातले राग पाठ करून घ्यायच्या नादात सूर लागायचा राहतो. दीड-दोन वर्षांनी ज्याला द्यायचीय त्याने द्यावी, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मेच्या सुमाराला आणि नोव्हेंबर-डिसेंबरला, कुठे पळून जात नाहीत. गॅदरिंगचं पण तेच. कमिटीला गणपतीत मुलांचा कार्यक्रम हवा असतो, मग जून-जुलैमध्ये सुरू झालेला कथकचा वर्ग ऑगस्टमध्ये सिनेमाच्या गाण्यावर स्टेप्स बसवायला लागतो आणि जे काही शिकवलं होतं ते मोडतं. त्याऐवजी सहा महिन्यांनी खुला वर्ग ठेवा, पालकांनी येऊन मागे बसायचं आणि नेहमीचा तास बघायचा. आपलं मूल एक मात्रा गप्प राहून मोजतंय हे आईबापांनी एकदा बघितलं ना की पुढच्या तिमाहीची फी मागावी लागत नाही. मुलं गळायची थांबतात ती इथे, जाहिरातीने नाही थांबत.

हॉलबद्दल थोडं. क्लबहाऊसला टाइल्स असतात, खाली सिमेंटचा स्लॅब, त्याच्यावर तासभर पाय आपटले तर मुलींच्या नडग्या दुखायला लागतात. योगाच्या मऊ मॅटवर पण नको, पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. पातळ रबर आणि त्यावर जाड प्लायवूड, एवढं करा, खर्च एकदाच. घुंगरू पहिले सहा-आठ महिने नकोतच, मग थोडेच बांधायचे आणि हळूहळू वाढवायचे. खालच्या मजल्यावर कोण राहतं ते आधी बघा म्हणजे भांडणं होणार नाहीत. आणि पेटी-तबला पावसाळ्यात बंद कपाटात दमट ठेवू नका, तबल्याची शाई आणि पुडी दोन्ही खराब होतात.

एक गोष्ट कमिटीने लाजून सोडू नये. शिक्षक कितीही ओळखीचा असला तरी पोलीस व्हेरिफिकेशन करा, वर्ग चालू असताना दार उघडं किंवा काचेचं, बंद खोलीत एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस अशी वेळच येऊ द्यायची नाही, आणि कथकमध्ये हात-खांदा सरळ करताना आधी विचारायचं, हात लावू का. आमची ताई सहा वर्षांच्या मुलीलाही विचारते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तो शिक्षकालाही वाचायला द्या आणि पालकांपैकी एकाने पाळीपाळीने बाकावर बसायचं ठरवून टाका. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही, उलट त्याचीही काळजी मिटते.

राहिलं काय तर शिक्षकांची बैठक. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्धा तास, चहा घेऊन, आणि हा अर्धा तास मानधनात धरायचा. मागे या बैठकीत कथकची ताई म्हणाली की एका मुलीचं थेई सारखं तेई ऐकू येतं, सांगून सांगून दमले. मराठीच्या बाई म्हणाल्या, हो, माझ्याकडे शुद्धलेखनात ती थ च्या जागी त आणि ख च्या जागी क लिहिते, मला वाटलं निष्काळजी आहे. आणि मी म्हटलं माझ्याकडे ती नेहमी उजव्या कोपऱ्यात बसते आणि डाव्या बाजूने काही सांगितलं तर बघतच नाही. तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. आईला बोलावून सांगितलं, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. डाव्या कानात पडद्यामागे पाणी साठलेलं होतं, सर्दीचं, बरेच महिने. उपचार झाले. तीन महिन्यांनी ताईने मला कथकच्या वर्गात हाक मारून बोलावलं, नुसतं ते थेई ऐकायला.

सुरुवात जूनच्या मध्यावर शाळा लागल्यावर करा, मेच्या सुट्टीत नको, सुट्टीत येणारी गर्दी शाळा लागली की निघून जाते आणि मग सगळ्यांचा उत्साह बसतो. पण डेमो आत्ताच घ्यायला लागा, चांगल्या शिक्षकाचे शनिवार-रविवार एप्रिलमध्येच भरलेले असतात. डेमोला मुलं बसवाल तेव्हा दंगा करणारी दोन-तीन नक्की घ्या, हे परत सांगते.